महाबळेश्वरचे मूळ धनी

मलकापुराकडील उन्हाळा सोसून राजूरचा घाट चढून जो बुलढाण्यास येतो, त्यास थंड हवेची योग्यता समजावून सांगण्याचें कारण पडत नाहीं. परंतु अशी हवा ज्या भूमीवर असते त्या भूमीस कोणी धनीहि असतो, ही गोष्ट प्रवासवर्णनें लिहिणारे बहुधा विसरतात. महाबळेश्वर सर जॉन माल्कमनें वसविलें असें आपण लहानपणापासून वाचीत आलों. ती भूमि मात्र साताऱ्याच्या छत्रपति प्रतापसिंह महाराजांची होती.

1824 च्या उन्हाळ्यांत लॉडविक नांवाचा लष्करी अंमलदार हा डोंगर चढून गेला. दोन वर्षांनीं साताऱ्याचा रेसिडेंट ब्रिग्ज यानें वर एक बंगली बांधिली व महाराजांकडून साताऱ्याहून तेथवर चांगला रस्ता करविला. 1828 मध्यें मुंबईचा गव्हर्नर माल्कम आला. आजारी गोऱ्या शिपायांसाठीं वर आरोग्यधाम निघालें. आणि 16 मे 1829 च्या तहानें वाईकडील खंडाळा हें गांव घेऊन महाराजांनीं ही जागा कंपनीस दिली. साडेचार हजार फूट उंचीचें पठार, कृष्णा-कोयनांचें उगमस्थान, आणि मोबदला एक गांव! नव्या वस्तीचें नांव पडलें माल्कमपेठ.

1819 च्या तहानें ज्यांचे हात बांधलेले, त्यांस गव्हर्नरची इच्छा मोडणें कितपत शक्य होतें, याचा विचार वाचकांनींच करावा. तथापि महाराजांस केवळ दुर्बळ मांडलिक समजणें अन्यायाचें होईल. पाठशाळा, छापखाना, रस्ते यांची त्यांस मनापासून आवड होती, आणि राज्यकारभारांत ते स्वतः लक्ष घालीत.

याच सुमारास दूर युरोपांत काय चाललें होतें तें पाहण्यासारखें आहे. 1828 मध्येंच शालाय कुटुंबानें पोलंडच्या डोंगराळ मुलुखांतील श्चाव्नित्सा ही जहागीर विकत घेतली. 1839 पासून यूझेफ शालाय या पुत्रानें तेथील क्षारयुक्त झऱ्यांभोंवतीं स्नानगृहें व विश्रामगृहें उठवून नामांकित आरोग्यस्थान उभें केलें. दोन झऱ्यांस त्यानें आईबापांचीं नांवें दिलीं; श्तेफान आणि यूझेफिना हीं नांवें अद्याप चालतात. तो मुलूखहि परक्या ऑस्ट्रियन सत्तेखालीं होता. पण जमीनदाराची जमीन जमीनदाराकडेच राहिली, आणि 1876 मध्यें मरतांना त्यानें ती आपखुषीनें क्राकूवच्या विद्वत्परिषदेस दिली.

आमच्याकडे त्याच 1839 सालीं निराळेंच घडलें. गोव्याच्या पोर्तुगीजांशीं संधान बांधिल्याचा व कंपनीचे शिपाई फितविल्याचा आरोप महाराजांवर आला. गव्हर्नर कार्नॅक यानें कबुलीपत्रावर सही मागितली. सही केली असती तर गादी वांचली असती. महाराजांनीं ती केली नाहीं. सप्टेंबरांत त्यांस पदच्युत करून काशीस धाडण्यांत आलें, आणि तेथेंच 1847 मध्यें त्यांचा अंत झाला. स्वामिनिष्ठ रंगो बापूजी त्यांची कैफियत घेऊन विलायतेस गेले व तेरा-चौदा वर्षें तेथें झगडून रिकाम्या हातांनीं परतले. सही मागणाऱ्या कार्नॅकचें नांव मात्र महाबळेश्वरच्या एका कड्यास मिळालें!

धाकटे बंधु शहाजी गादीवर बसले होते. ते 1848 मध्यें वारले. मृत्युसमयीं त्यांनीं घेतलेला दत्तक डलहौसीनें नामंजूर केला व राज्य खालसा झालें. महाबळेश्वरच्या मोबदल्यांत मिळालेलें खंडाळाहि त्याबरोबर पुन्हां कंपनीकडे गेलें.