भक्तिचित्रे, लाकडी ठशांची
पंधराव्या शतकात यूरोपात, विशेषतः दक्षिण जर्मनीत, घरगुती उपासनेसाठी वापरली गेलेली छापील धर्मचित्रे. फळीवर आकृतीच्या रेषा उठावात ठेवून उरलेले लाकूड कोरून काढीत, कागदावर ठसा घेत व हाताने रंग भरीत. ती भिंतीवर किंवा पेटीच्या झाकणाला आतून डकवीत; रोजच्या वापरात बहुतेक नष्ट झाली. ग्रंथांच्या पुठ्ठ्यांना आतून चिकटवलेली काही टिकली. त्यांत सर्वांत मोलाचे म्हणजे बुक्सहाइमच्या मठातील हस्तलिखितात सापडलेले, १४२३ हे साल कोरलेले संत ख्रिस्तोफरचे चित्र. बाल ख्रिस्ताला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणाऱ्या या संताचे मुखदर्शन घडले, तर त्या दिवशी अपमृत्यू येत नाही, असे आश्वासन खालच्या लॅटिन ओळींत आहे. घरोघरी चित्र का हवे असे, हे त्यावरून उमगते. ते मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात आहे.