मूस, मोहोर आणि आमचा सामायिक संग्रह

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत देणगीदारांची नामावळी, वधूवरांची माहिती आणि गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे यांना पहिला मान असतो, आणि तो योग्यच आहे. तथापि यंदा संपादक मंडळाने आम्हा नाणी जमविणाऱ्या मंडळींस चार पाने देऊ केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आम्ही म्हणजे नाशिकातील दहाबारा ज्ञातिबंधू. कोणी पेढीवर बसणारे, कोणी अजून ऐरणीपुढे बसणारे कारागीर, आणि आमच्यासारखे एकदोन निवृत्त शिक्षक. महिन्याच्या पहिल्या रविवारी संस्थेच्या मागील खोलीत आम्ही जमतो, सागवानी पेटीचे खण उघडतो आणि एकमेकांच्या भिंगातून तांब्याचे तुकडे पाहत बसतो. घरची मंडळी यास रिकामा उद्योग म्हणतात. हा उद्योग आपल्या ज्ञातीकडे ऋण म्हणून आलेला आहे असे आम्हांस वाटते. ते कसे, हे सांगण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

सोनार आणि नाणे यांचा संबंध दागिन्याइतकाच जुना आहे. गावगाड्यात सरकारी वसुलाचे नाणे चोख की हिणकस हे पारखून देणारा पोतदार पुष्कळ ठिकाणी सोनारच असे. पेशवाईत एकाच बाजारात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, हाली सिक्का असे नाना प्रकारचे रुपये चालत आणि प्रत्येकाचा बट्टा निराळा असे. टांकसाळीही बहुधा खाजगी माणसे सरकारी परवान्याने चालवीत व त्याबद्दल सरकारात हक्क भरीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९९ साली मराठेशाहीतील चलन व टांकसाळी या विषयावर निबंध लिहिला, तेव्हा हा सर्व पसारा प्रथमच व्यवस्थित मांडला गेला. आपण मात्र हा इतिहास न वाचताही रोज बोलत असतो. अब्रूला बट्टा लागतो, माणूस कसाला उतरतो, उत्तर खणखणीत असते आणि कोणी बंदा रुपया निघतो. हे सारे शब्द सराफकट्ट्यावरून घरात आलेले आहेत.

जुन्या रुपयांवर अनेकदा चांदतारा, फुली, ठिपका अशा बारीक खुणा ठोकलेल्या आढळतात. सराफाने नाणे पारखून आपली निशाणी त्यावर उमटविलेली असते. बाजारातील संग्राहक अशा नाण्यास कमी किंमत देतात, कारण त्यांच्या मते ते बिघडलेले असते. आमच्या मंडळात उलट चाल आहे. ज्यावर अशा खुणा अधिक ते नाणे आम्ही आधी घेतो. टांकसाळीतला ठसा राजाच्या हुकुमाने उमटला, ही खूण मात्र आपल्याच व्यवसायातील कोणा निनावी माणसाने शब्द दिल्याची आहे.

एवढा अभिमान सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या हातांनी नाणे पारखले, त्याच हातांनी ते मुशीत घातले. कंपनी सरकारने १८३५ साली सर्वत्र एकच रुपया चालू केला, तेव्हा देशी रुपये हळूहळू आटणीस गेले. त्यांतील पुष्कळ सरकारी टांकसाळीत आटले, ही गोष्ट खरी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ ते १९४३ या वर्षांत, राणीछाप व त्यानंतरचे चोख चांदीचे रुपये सरकारनेच चलनातून काढून घेतले. तेव्हा सारा दोष आपल्या माथी मारण्याचे कारण नाही. परंतु घरोघरीच्या गाडग्यांतून, फडक्यांतून आणि माळांतून जे उरले होते ते आपल्या दुकानी मोड म्हणून आले आणि आपण ते मोड म्हणूनच घेतले.

आमच्या स्वतःच्या घरची एक गोष्ट येथे नमूद करतो. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचा हुकूम निघाला व चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी झाली. त्या दिवसांत आपल्या कारागिरांवर काय ओढवले हे ज्येष्ठांस सांगावयास नको. आमच्या वडिलांची भट्टी थंड पडली होती. आजीच्या पेटीत सतरा अंकुशी रुपये होते. एके सकाळी ते वडिलांनी मुशीत ठेवले. आम्ही तेव्हा पहिलीत होतो. अंकुशाची ती खूण आम्हांस फार आवडे, म्हणून एक रुपया मागितला. वडिलांनी दिला नाही. वाण्याची उधारी सतरांच्या वजनातच भागत होती, सोळांत भागत नव्हती. पेटीतल्या शिवराया त्यापूर्वीच वजनावर तांबटाकडे गेल्या होत्या. वडिलांना दोष देण्याचा विचारही आमच्या मनात येत नाही. पण त्या पेटीत कोणकोणत्या अक्षरांच्या शिवराया होत्या हे आता कोणासही कळणार नाही.

एखादे नाणे गेले तर एवढे काय बिघडते, असा प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या नाशिक जिल्ह्यातच आहे. दारणा व गोदावरी यांच्या संगमावरील जोगलटेंभी या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. नाणी होती १३,२५० हून अधिक, आणि सर्व क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूस राजाचा मुखवटा व ग्रीक अक्षरे, दुसरीकडे बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी व खरोष्ठी लेख. रेव्हरंड स्कॉट यांनी हा ठेवा तपासून १९०८ साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या तोंडावरच दुसऱ्या राजाचा ठसा मारलेला होता. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. एका बाजूस तीन कमानींचे चैत्य, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. जुने नाणे आटवून नवे पाडण्याची यातायात न करता त्याने शत्रूच्या नाण्यावरच आपले नाव उमटविले आणि ते चलनात सोडले.

पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला असे ती माता त्यात सांगते. मातेची स्तुती म्हणून कोणी ते वाक्य बाजूस सारले असते, पण नऊ हजार नाणी साक्षीस उभी राहिली. अशी दोन नाणी मिळाली असती तर तो योगायोग ठरला असता. शिवाय नहपानाचे मुखवटे सगळ्या नाण्यांवर सारखे नाहीत. कोठे तरुण, कोठे वृद्ध, कोठे नाक सरळ तर कोठे बाकदार. हे विद्वानांच्या ध्यानी आले तेही नाणी हजारोंनी एकत्र पाहता आली म्हणूनच. हा ठेवा एखाद्या रात्री चारसहा मुशींत वाटला गेला असता तर चांदी तेवढीच भरली असती आणि इतिहास मात्र गेला असता. राजस्थानात बयाना येथे १९४६ साली गुप्तांच्या सुवर्णमुद्रांचा ठेवा निघाला, तेव्हा त्यांतील काही नाणी सरकारच्या हाती येण्यापूर्वी आटलीच. उरलेल्या १,८२१ मुद्रांचा सविस्तर ग्रंथ डॉ. अनंत सदाशिव आळतेकर या आपल्या कोल्हापूरकडील विद्वानाने १९५४ साली सिद्ध केला.

लेण्यांचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण दिले. ते गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २,००० एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक या दराने, १,००० दुसरीकडे पाऊण या दराने. मुद्दल परत करावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे. त्याच लेखात पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण असा हिशेबही आहे. कारागिरांच्या संघटनेवर पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास ठेवला जात असे, ही गोष्ट आपल्या संस्थेच्या खजिनदारांनी अवश्य वाचावी.

आमच्या मंडळाचा मुख्य नियम याच लेखावरून घेतलेला आहे. नाणे एकदा पेटीत आले की ते कोणा एकाचे राहत नाही, विकले जात नाही व वाटले जात नाही. नाण्याहून आम्ही नोंदवहीस अधिक जपतो. प्रत्येक नाण्यापुढे वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे वर्णन, ते कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कोणत्या डब्यात मिळाले हे लिहिलेले असते. भारतीय नाणकशास्त्र परिषद १९१० साली अलाहाबादेस सहा गृहस्थांनी स्थापन केली. त्यांत मुंबईचे फ्रामजी ठाणावाला हे एक होते. अशा मोठ्या संस्थांशी आमची तुलना नाही. पण या गावाच्या आळ्यांतील डबे त्यांना दिसत नाहीत, आम्हांस दिसतात. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे शिवरायांवर किती परींनी खोदली आहेत, कोठे ‘शिव’ तर कोठे ‘शीव’, हे आम्ही खण भरून ताडून पाहत आहोत.

आमच्या चुकाही पुष्कळ झाल्या. आरंभी नाणी लखलखीत दिसावीत म्हणून आम्ही सुमारे चाळीस शिवराया चिंचेच्या कोळाने घासल्या. सोनाराचा हात, त्याला काळे दिसले की चैन पडत नाही! शतकांनी चढलेला तो थर तांब्याचे रक्षण करीत होता, हे नंतर समजले. अक्षरे बोथट झाली ती झालीच. खरे नाणे ठशाने पाडलेले असते. ओतीव नकलेच्या अंगावर बारीक छिद्रे आणि कडेस साच्याची रेघ दिसते, हे मात्र आमच्या कारागिरांस कोणी शिकवावे लागले नाही. सोन्याचे नाणे कसोटीवर घासण्यास आम्ही मनाई केली आहे. ते दोऱ्याने टांगून हवेत व पाण्यात तोलतो आणि वजनातील फरकावरून धातू ओळखतो. पाण्याच्या मानाने सोने सुमारे १९.३ पट जड, चांदी १०.५ पट, तांबे ८.९ पट. ओरखडा न पडता पारख होते.

या रीतीने आम्ही पुतळ्या तपासल्या. पुतळ्यांच्या माळेतील पुतळी ही मुळात व्हेनिस नगरीची मोहोर होय. १२८४ साली ती प्रथम पाडली गेली आणि १७९७ साली ते प्रजासत्ताक संपले तोवर पाडली जात होती. तिच्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथील अधिपती व पाठीवर ताऱ्यांच्या लंबवर्तुळात उभा ख्रिस्त असतो. व्यापाराबरोबर ती इकडे आली, कस चोख म्हणून माळेत बसली, आणि मग आपल्याच लोकांनी तिच्या नकला घडविल्या. आमच्याकडे आलेल्या सहाही पुतळ्या नकलाच निघाल्या. लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आहेत. प्रथम आमची निराशा झाली, मग आनंद झाला. परकी अक्षरे न समजता त्यांची रांगोळी करणारा तो हात आपलाच होता.

ज्ञातिबंधूंस एक सूचना आवर्जून करतो. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. असे नाणे दुकानी मोडीस आले तर नाकारावे व आणणाऱ्यास कायदा समजावून सांगावा. आम्ही पेटीत केवळ घरातून वारसाने आलेलीच नाणी घेतो.

गेल्या वर्षी मंडळावर प्रसंग आला. एका दिवंगत सभासदाच्या मुलाने वडिलांनी दिलेली पुतळी परत मागितली. घरी लग्न निघाले होते आणि सोन्याचे भाव आपण जाणताच. नियमाप्रमाणे नकार देता आला असता, आणि दोघा सभासदांचे तसेच मत होते. दोन रविवार वाद चालला. अखेरीस बहुमताने पुतळी परत केली. आमचा स्वतःचा कौल परत करण्याच्या बाजूने होता, कारण मुशीपुढे बसलेल्या माणसाची गरज आम्ही घरीच पाहिली होती. एकच अट घातली, की आटवण्यापूर्वी आम्हांस कळवावे. त्याने अद्याप कळविलेले नाही. देण्याआधी तिचे वजन पुन्हा घेतले, दोन्ही बाजूंचे ठसे लाखेवर उतरवून घेतले, आणि नोंदवहीत तिच्या ओळीपुढे ‘परत’ असे लिहून तारीख घातली. खणातील तिची जागा आम्ही मोकळीच ठेवली आहे.