लंडनची वंश परिषद आणि अनुपस्थित वक्ता

विद्यापीठात परिषद भरली की व्यासपीठावर कोण बसले याचा वृत्तान्त छापला जातो. कोणाला बोलावलेच नाही हे त्यात नसते. ते ज्याचे त्याने शोधून काढायचे. २६ ते २९ जुलै १९११ या चार दिवसांत लंडन विद्यापीठात जी विश्व वंश परिषद भरली, तिच्याकडे आपल्या चळवळीच्या अभ्यासकांनी या दृष्टीने पाहिले पाहिजे.

परिषदेची कल्पना फेलिक्स अॅडलर यांची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते नीतिशास्त्र शिकवीत. १९०६ साली जर्मनीत आयझेनाख येथे त्यांनी ती मांडली आणि गुस्ताव स्पिलर या चिटणिसाने पुढची पाच वर्षे खपून प्रत्यक्षात आणली. गोरे आणि गौरेतर यांच्या संबंधांचा विज्ञान आणि सदसद्विवेक यांच्या प्रकाशात विचार करावयाचा, असा उद्देश होता. निबंध आधीच ग्रंथरूपाने छापले होते, सभेत फक्त चर्चा. पन्नासावर निबंध आणि दिवस चार. कोणाच्या वाट्याला किती मिनिटे आली असतील!

पण माणसे पाहावीत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांविषयी लिहिणारे डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस हे स्वतः कृष्णवर्णीय, ‘क्रायसिस’ मासिकाचे संपादक. दक्षिण आफ्रिकेतील मूळ रहिवाशांविषयी लिहिणारे जॉन टेंगो जबावू स्वतः आफ्रिकन, आपल्या लोकांच्या भाषेत वृत्तपत्र चालविणारे. लागोसचे धर्मोपदेशक मोजोला अग्बेबी पश्चिम आफ्रिकेच्या वतीने होते, तर हैतीचे माजी राष्ट्राध्यक्ष लेजितीम हैतीच्या वतीने. अमेरिकेतील मूळ इंडियनांची बाजू मांडली ती चार्ल्स ईस्टमन या सू जमातीच्या डॉक्टराने. १८९० साली वूंडेड नीच्या कत्तलीतून वाचलेल्या जखमींवर त्याने स्वतः उपचार केले होते. ज्याचे दुःख त्याने सांगावे, हे तत्त्व १९११ साली लंडनमध्ये बऱ्याच अंशी पाळले गेले, ही गोष्ट लहान नाही.

सगळे एका सुरात बोलत होते असे मात्र नाही. कोलंबियाचेच फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या हजारो लोकांची व त्यांच्या मुलांची मोजमापे घेतली होती. परिस्थिती बदलली की कवटीचा आकारसुद्धा बदलतो, असे दाखवून त्यांनी वंश अचल असतो या समजुतीच्या मुळावरच घाव घातला. त्याच मांडवात बर्लिनचे फॉन लुशान मानवजात एकच असे सांगत सांगत शेवटी वंशांमधल्या भिंती राखलेल्या बऱ्या, या मुक्कामाला पोचले. ब्राझीलच्या लासेर्डांना तर आपल्या देशातले काळे लोक शतकभरात नाहीसे होतील अशी खात्री वाटत होती, आणि ती त्यांनी समाधानाने सांगितली. पाली पंडित ऱ्हिस डेव्हिड्स यांचा निबंध धर्म माणसांना जोडतो आणि तोडतोही, या विषयावर होता.

आता हिंदुस्थान. वंश, जमात आणि राष्ट्र या शब्दांचा अर्थ उलगडणारा पहिलाच निबंध ब्रजेंद्रनाथ सील यांचा. कूचबिहारच्या महाविद्यालयाचे प्राचार्य, बुद्धीने अफाट माणूस. स्त्रीच्या स्थितीवर भगिनी निवेदितांनी लिहिले. आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी ‘हिंदुस्थानातील पूर्व आणि पश्चिम’ या विषयावर. इंग्रजाने हिंदी माणसाला बरोबरीने वागवावे, ही त्या निबंधाची मुख्य तळमळ. ती खरी होती.

याच गोखल्यांनी १९०३ साली धारवाडच्या सामाजिक परिषदेत अस्पृश्यांविषयी ठराव मांडला होता. त्या भाषणात त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांची आठवण सांगितली होती. दक्षिण आफ्रिकेत हिंदी माणसाचा अपमान होतो म्हणून आपण चिडतो, पण घरातल्या खालच्या जातींना आपण कसे वागवतो, असे रानड्यांनी विचारले होते. म्हणजे वर्णद्वेष आणि जातिद्वेष एकाच तागडीत घालता येतात, हे गोखल्यांना ठाऊक होते. जगापुढे जाताना मात्र तागडीचे एकच पारडे पुढे झाले. घरातला वाद घरात ठेवायचा, हा राष्ट्रीय सभ्यतेचा संकेत! तो पाळण्याचा भुर्दंड कोणी भरला, हे सांगायला नको.

बोलायला कोणी नव्हते म्हणावे, तर तसेही नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ सालीच ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण करून ही तुलना मराठीत केली होती. गोपाळबाबा वलंगकर होऊन गेले होते. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे ‘सोमवंशीय मित्र’ चालवीत होते, आणि सैन्यात व सरकारी नोकरीत प्रवेश मिळावा म्हणून महारांचा अर्ज १९१० साली थेट भारतमंत्र्यांपर्यंत गेला होता. लंडनच्या सरकारी टेबलावर आपला अर्ज होता. वर्षभराने त्याच शहरात भरलेल्या जगाच्या व्यासपीठावर आपला माणूस नव्हता.

त्या वेळी बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. दोनच वर्षांनी, १९१३ साली ते कोलंबियात गेले. परिषदेची कल्पना मांडणारे अॅडलर तिथे, बोआसही तिथे. ९ मे १९१६ रोजी बोआसांचे शिष्य गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. युरोपीय पंडित जातीचे मूळ रंगात शोधतात, कारण त्यांच्याच डोक्यात रंग भरलेला आहे, असे या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिथे बजावले. ‘जातिनिर्मूलना’त, १९३६ साली, त्यांनी हे आणखी स्पष्ट केले: पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे. ते भाषणही ऐकले गेले नाही. लाहोरच्या संयोजकांनी अध्यक्षाला आमंत्रण दिले, मजकूर वाचला आणि संमेलनच रद्द केले.

जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांचे वाक्य पुढे भलत्याच कामाला लावले गेले. २००१ साली डरबनला वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येने तिथे पोचले, आणि जात म्हणजे वंश नव्हे, सबब तिची चर्चा येथे नको, असे भारत सरकारने सांगितले. अंतिम जाहीरनाम्यात जात आली नाही. बाबासाहेबांनी जातीला रक्ताचा आधार नाही हे दाखविले ते ती मोडता यावी म्हणून. सरकारने तेच विधान ती झाकायला वापरले. शब्द तेच, वापरणारा हात वेगळा.

लंडनला न झालेली ओळख पस्तीस वर्षांनी टपालाने झाली. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यूबॉइसना पत्र लिहिले. आपण भेटलो नाही, पण तुमचे लेखन वाचत आलो आहे, असे सांगून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतले साम्य त्यांनी नमूद केले. अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे त्यांच्या कानावर आले होते, आणि अस्पृश्यांच्या वतीने तसेच करण्याचा विचार चालू होता. त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती पाठवाव्यात, एवढीच विनंती. ड्यूबॉइसनी ३१ जुलै १९४६ ला उत्तर दिले: तुमचे नाव व कार्य ऐकून आहे, अस्पृश्यांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे. सोबत नॅशनल निग्रो काँग्रेसचा मसुदा जोडला होता.