पाठीचे पोक

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. मराठी मुलुखापासून दूर नांदणारी कुटुंबे भाषा जपतात, आणि भाषेबरोबर तिच्यातील ताकिदीही. त्यांतलीच एक म्हणजे, 'पोक काढून बसू नकोस!' पुस्तकावर वाकलेल्या मुलाला हे ऐकावे लागले नाही, असे मराठी घर रायपुरात काय किंवा पुण्यात काय, विरळाच. वाकलेली पाठ हा मुलाच्या आळसाचाच दोष, हा समज या ताकिदीमागे असतो. तो नेहमीच खरा नसतो, हे उमगण्यास वैद्यकाला फार काळ लागला.

१७४१ साली पॅरिसच्या निकोला आंद्री या वैद्याने मुलांच्या शारीरिक व्यंगांवर ग्रंथ लिहिला. खुंटाला बांधून सरळ केले जाणारे वाकडे झाड हे त्यातील चित्र पुढे अस्थिशल्यशास्त्राचे बोधचिन्ह ठरले. आंद्रीचा भर बसण्याउठण्याच्या सवयींवर होता. परंतु झाड वाढते कोठून, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

मुलाच्या प्रत्येक मणक्याच्या वरच्या व खालच्या अंगास कूर्चेचा पातळ थर असतो. त्यात नव्या पेशी उपजतात, त्यांच्या जागी हाड तयार होते आणि मणका उंच होतो. १८६२ साली ह्यूटर व फोल्कमान या जर्मन शल्यवैद्यांनी एक नियम मांडला: वाढत्या कूर्चेवर दाब फार पडला तर वाढ मंदावते, दाब हलका झाला तर ती वेग घेते. म्हणजे मणक्याची पुढची बाजू वाढीत मागे पडली की त्याची पाचर होते. अशा पाचरी एकावर एक आल्या की कणा पुढे झुकतो, आणि झुकलेल्या कण्याचा भार पुन्हा त्याच दुबळ्या बाजूवर येतो.

१९२० साली कोपनहेगनच्या होल्गर शॉयरमान या डॉक्टराने क्ष-किरणांच्या साहाय्याने या पाचरी दाखवून दिल्या. आळसाचे पोक मनावर घेताच सरळ होते. हे पोक ताठर असते, मुलाने कितीही प्रयत्न केला तरी हटत नाही. शॉयरमानचा प्रबंध विद्यापीठाने नाकारला. १९५७ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याला सन्माननीय डॉक्टरेट मिळाली.

या विकाराचे मूळ कारण आजही पुरते उलगडलेले नाही. आनुवंशिकतेचा वाटा मात्र मोठा मानला जातो. एक गोष्ट निश्चित आहे. कूर्चा जिवंत आहे तोवर वाढीबरोबर पाठ बिघडत जाते, आणि पट्ट्याचा आधार देऊन ती सावरण्याची संधीही तोवरच असते. वाढ पुरी झाली की ते दार मिटते.

म्हणून ताकीद देण्यापूर्वी मुलाला पुढे वाकवून बाजूने पाठ न्याहाळावी. पाठीचा बाक गोल न राहता टोकदार दिसला, सरळ होण्यास सांगूनही तो गेला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. ज्यात मुलाचा अपराध नाही, त्याबद्दल त्याला बोल लावण्यात त्याची वाढीची मोलाची वर्षे मात्र निघून जातात.