फिरंगाणात मागे उरलेली माणसे

नाशिकला पंचवटीत, गोदेच्या काठी, नारोशंकराचे देऊळ आहे. १७४७ साली उभ्या राहिलेल्या त्या शिवालयाच्या दर्शनी बाजूस जी अवजड घंटा टांगलेली आहे, तिच्या अंगावर १७२१ हा ख्रिस्ती सन कोरलेला असून पूर आला आणि पाणी घंटेला लागले म्हणजे गोदावरीचा कोप झाला असे जुने नाशिककर मानीत आले आहेत. भीमाशंकराच्या देवळापुढली घंटा १७२९ ची. आणि वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या घाटावर, जी घंटा आहे तिच्यावर तर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती स्पष्ट दिसते. वसईच्या मोहिमेतून विजयचिन्हे म्हणून आलेल्या या घंटांची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. मात्र ज्या मनोऱ्यांतून त्या उतरविल्या गेल्या, त्यांच्या सावलीत राहणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले, हे विचारण्याची तसदी इतिहासकारांनी क्वचितच घेतली. विजयाची बखर लिहिणाऱ्याला पराभूतांच्या रयतेकडे पाहावयास सवड नसते, हे त्याचे कारण असावे.

फिरंगाण म्हणजे वसई-साष्टीचा तो सुपीक मुलूख. गुजरातच्या बहादुरशहाने १५३४ च्या डिसेंबरात तह करून तो पोर्तुगिजांच्या हवाली केला आणि तेथून पुढे दोनशे वर्षे तेथे क्रूस आणि तलवार एकाच हातात राहिली. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हिंदूंची देवळे पडली, उत्सव बंद झाले, वतनदारांची मानखंडना झाली. अंजूरच्या गंगाजी नाइकाने पेशव्यांकडे वर्षानुवर्षे खेटे घातले ते उगीच नव्हेत. अशा राजवटीत ज्यांनी ख्रिस्ती धर्म पतकरला, त्यांपैकी किती जणांनी तो अंतःकरणाने पतकरला आणि किती जणांनी धाकाने वा लाभाने, याचा निवाडा कोणत्याही दफ्तरात सापडावयाचा नाही. फिरंग्याचे राज्य बुडाले की त्याचा धर्मही त्याच्याच गलबतात बसून निघून जाईल, असे तत्कालीन शहाण्यासुरत्या माणसाला वाटले असते तर त्याला कोणी वेडगळ म्हटले नसते.

राज्य बुडाले. १७३७ त ठाणे पडले आणि १७३९ च्या फेब्रुवारीपासून चिमाजी अप्पाने वसईला दिलेला वेढा, सुरुंगांनी सान सेबास्तियनचा बुरूज फुटेपर्यंत आणि दोन्ही बाजूंची अपरिमित माणसे खर्ची पडेपर्यंत चालून, १६ मे रोजी तहाने संपला. अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता आणि तटाच्या आत पाद्री आपल्या संतांना आळवीत होते. संकटात देवाला साकडे घालण्याची मनुष्याची रीत तटाच्या दोन्ही अंगांना सारखीच असते. तहनाम्याने शिबंदीला हत्यारांनिशी बाहेर पडण्याची मुभा मिळाली, जाऊ इच्छिणाऱ्यांना आठ दिवसांची मुदत मिळाली, आणि जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहील असे कलम त्यात पडले. आठवड्याभरात उमराव गेले, त्यांची कुटुंबे गेली, मठांतले गोरे संन्यासी गेले.

जाण्यासाठी गलबत लागते, आणि गलबतावर चढावयास दुसरीकडे कोठे तरी घर असावे लागते. सामवेदी आणि वाडवळ बागायतदारांना, कोळ्यांना, भंडाऱ्यांना यांतले काहीच नव्हते. त्यांची केळीची बाग, पानवेल, ऊस, जाळे आणि होडी येथेच होती. म्हणून ते राहिले. त्यांच्यामागे आता ना गव्हर्नर होता, ना इन्क्विझिशन या धर्मसभेचा दरारा, ना ख्रिस्ती म्हणून मिळणारी सवलत. सुभ्यावर शंकराजी केशव आला, वसूल पुण्याला जाऊ लागला, आणि ज्या धर्मामुळे काल हुद्दा मिळत असे तो आज पराभूताचा धर्म ठरला. माझ्या मते वसईच्या ख्रिस्ती श्रद्धेचा खरा इतिहास येथून सुरू होतो. तोवरचा इतिहास पोर्तुगालचा होता.

गोरे पाद्री गेल्यावर त्यांच्या जागी गोव्याहून आले ते सावळे, कोकणी बोलणारे पाद्री, ज्यांना त्यांच्या गोऱ्या धर्मबांधवांनी आजवर दुय्यम लेखले होते. मोडक्या देवळांची डागडुजी करावी, बाप्तिस्मा, लग्न आणि मयत यांच्या नोंदी राखाव्यात, सुभेदाराच्या कारकुनाशी नरमाईने बोलावे, आणि रविवारची मिस्सा चुकू देऊ नये, एवढेच त्यांचे कार्य. १७६० मध्ये आंकेतिल दु पेराँ हा फ्रेंच विद्वान साष्टीतून प्रवास करीत असता, मराठ्यांच्या अमलात ख्रिस्ती धर्म उघडपणे पाळला जात असून ठाण्याच्या देवळातील एका सणाला हजारो भाविक जमले आहेत, हे पाहून त्याने त्याची आवर्जून नोंद केली. या दृश्याचे श्रेय मराठ्यांच्या कारभारालाही दिले पाहिजे; तहातले कलम कागदावर राहू देणे त्या काळी अगदी सोपे होते.

परंतु पाद्री आणि तहनामा ही दोनच कारणे पुरेशी नाहीत. श्रद्धा टिकली ती घरात, आणि घरातल्या भाषेत. फ्रान्सिस्कु वाझ द गिमारायश याने येशूच्या दुःखसहनाचे जे पुराण इकडच्या मराठी बोलीत रचले, ते १६५९ मध्ये रोमन लिपीत छापले गेले; आणि ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या दिवसांत, शेजारचा हिंदू श्रावणात जसा पोथी लावतो तसे, येथल्या ख्रिस्ती घरांतून ते वाचले जाई. ख्रिस्ताच्या यातनांचे आख्यान ओवीच्या चालीत ऐकणाऱ्या श्रोत्याला तो परक्या देशाचा देव कसा वाटावा? वाटेवरच्या, विहिरीजवळच्या, आळीच्या तोंडाशी असलेल्या खुरिसांपुढे, म्हणजे क्रुसांपुढे, तिन्हीसांजेला दिवा लागे आणि लदीन ही सामुदायिक प्रार्थना म्हटली जाई. त्यासाठी पाद्री लागत नसे, म्हातारी माणसे पुरत. भात तयार झाले की पहिल्या लोंब्या देवळात नेऊन आशीर्वादित करावयाच्या, हा साष्टीतला आगेऱ्याचा सण. आणि लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन आणावयाचे ते उंबराचे पाणी. धर्मशास्त्राच्या पंडिताने या चालींवर नाक मुरडले असते, आणि काहींनी मुरडलेही. पण माणसाला धर्म सोडावयास लावायचे तर आधी त्याची विहीर, त्याचे शेत आणि त्याच्या आजीची गाणी त्याच्यापासून तोडावी लागतात, आणि तेथे कोणत्याही सत्तेचा हात सहसा पोहोचत नाही. खुद्द पोर्तुगिजांचाही पोहोचला नव्हता; म्हणूनच जात, पोशाख आणि बोली तशाच राहिल्या.

सर्वच टिकले असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, पेशवाई बुडाल्यानंतर, काही आगरी, कोळी व भंडारी कुटुंबे शुद्धी करून हिंदू समाजात परत गेली. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे? पूर्वजांवर झालेली सक्ती ज्यांच्या घरी विसरली गेली नव्हती, त्यांचे ते परतणेही एका निष्ठेपोटीच होते. पुढे पोर्तुगालचा राजा आणि रोमचे पीठ यांच्यात पाद्री नेमण्याच्या हक्कावरून जो दीर्घ तंटा चालला, त्याने मुंबई बेटाबरोबर या बाजूच्या मंडळ्यांचीही फाटाफूट केली. शत्रूच्या अमलात अभंग राहिलेली मंडळी मित्रांच्या हक्कवादात फुटावी, हा प्रकार शोचनीय होय. त्याचा विस्तार येथे नको.

वसईच्या ख्रिस्ती माणसाला मात्र धीर देणारा एक पूर्वज होता, आणि तो गव्हर्नरांपैकी नव्हे. याच गावी जन्मलेला गोन्सालो गार्सिया प्रथम व्यापारात रमला, मग फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून शिरला, जपानी भाषा येत असल्यामुळे दुभाष्या होऊन जपानला गेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर इतर पंचवीस जणांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये रोमने त्यांना संतपद दिले. आणि योगायोग असा की तीनच वर्षांनी, १८६५ मध्ये, त्याच नागासाकीत नव्या बांधलेल्या चर्चमध्ये काही शेतकरी बायाबापड्या आल्या आणि तेथील फ्रेंच पाद्र्याला त्यांनी हलक्या आवाजात सांगितले की आमचे आणि तुमचे अंतःकरण एकच आहे. दोनशेहून अधिक वर्षे पाद्र्यावाचून, देवळावाचून, प्राणभयात त्यांनी आपला धर्म लपवून जपला होता. वसईवर तेवढे कठोर दिवस कधी आले नाहीत, हे खरे.

आज वसईच्या किल्ल्यात शिरले की बिनछपराच्या देवळांच्या जमिनीत उमरावांच्या थडग्यांच्या शिळा दिसतात. पोर्तुगीज अक्षरे झिजली आहेत, कुलचिन्हांवर शेवाळ चढले आहे, आणि पावसाळ्यात तेथे गुडघाभर गवत माजते. तटाबाहेर पापडी, सांडोर, रमेदी, निर्मळ, नंदाखाल येथे मिस्सा मराठीत होते. फेब्रुवारी आला की त्या गावांतली माणसे गोन्सालो गार्सियाच्या सणाची तयारी करू लागतात. घंटा अर्थातच नव्या आहेत.