फ्लाय फिशिंग : पहिले सामान, माफक खर्चात



एप्रिल उजाडला की न्यू जर्सीच्या नद्यांत गुडघाभर पाण्यात उभी राहून हवेत दोरी फिरवणारी माणसे दिसू लागतात. आपल्यापैकी जे लहानपणी कोकणात खाडीवर गरवायला जात, त्यांचे हात ते बघून शिवशिवतात. पण दुकानात पाऊल टाकले की समोरच ८००-९०० डॉलरचे रॉड मांडलेले असतात आणि उत्साह तिथेच मावळतो. खरे तर २०० ते २५० डॉलरमध्ये उत्तम सुरुवात होते. पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, एवढे कळले पाहिजे.

त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपल्या नेहमीच्या गळाला शिसे बांधलेले असते, त्याच्या वजनाने दोरी लांब जाते. इथे गळावर पिसे आणि धागा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. तिला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून वजन दोरीलाच दिलेले असते. ही दोरी, म्हणजे फ्लाय लाइन, जाड आणि प्लॅस्टिकचा थर दिलेली असते. आपण लाइन फेकतो, माशी तिच्यामागून जाते.

रॉड

हँडलच्या वर रॉडवर आकडे लिहिलेले असतात. ट्राउटसाठी पहिला रॉड ९ फुटी, ५ वेटचा, ४ तुकड्यांचा घ्यावा. '५ वेट' हे रॉडचे वजन नव्हे, त्याला कोणती लाइन लागते त्याचा आकडा आहे. (५ नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे प्रमाणित वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम असते.) चार तुकड्यांचा रॉड सुटकेसमध्येही मावतो. 'फास्ट', म्हणजे फार ताठ रॉडच्या मोहात पडू नका. मध्यम लवचिक रॉडमध्ये लाइनचा भार हाताला जाणवतो आणि फेक लवकर जमते.

रॉड, रीळ, लाइन असा जोडून मिळणारा संच बहुधा १०० ते २५० डॉलरपर्यंत मिळतो. ऑर्विस, रेडिंग्टन, एको या तिन्ही कंपन्या नवशिक्यांसाठी असे संच काढतात. रॉड मोडला तर बदलून मिळण्याची काय सोय आहे, ते घेताना विचारून ठेवा. रॉड बहुतेक वेळा नदीत मोडत नाही, गाडीच्या दारात मोडतो!

लाइन

माझ्या मते खरा खर्च इथे करावा. अगदी स्वस्त संचातली लाइन अनेकदा ताठर असते, गुंडाळ्या सुटत नाहीत आणि शिकणाऱ्याला वाटते की आपला हातच वाईट. अशा वेळी नवा रॉड घेण्याऐवजी ४०-६० डॉलरची बरी लाइन चढवावी. डब्यावर 'डब्ल्यूएफ-५-एफ' असे लिहिलेले पाहावे. अर्थ असा, की पुढचा भाग जड, नंबर ५, पाण्यावर तरंगणारी. जुने सामान घेताना रॉडचे सांधे घट्ट बसतात का ते पाहा आणि लाइन बोटांतून ओढून बघा. भेगा लागल्या तर ती बदलावीच लागेल, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.

रीळ

दहा-बारा इंची ट्राउट आपण लाइन हाताने ओढूनच आणतो. रीळ फक्त दोरी ठेवायची जागा. साधे चालते.

बारीकसारीक

लाइनच्या टोकाला ९ फुटी लीडर लागतो, '५ एक्स' जाडीचा. पुढे बांधायला टिपेटचे एक रीळ. माशीच्या नंबराला ३ ने भागले की साधारण टिपेटचा नंबर मिळतो. १६ नंबरच्या माशीला ५ एक्स. माशा डझनभर पुरेत. पाण्याखाली चालणाऱ्या फेझंट टेल, हेअर्स इअर आणि वूली बगर. पाण्यावर तरंगणाऱ्या एल्क हेअर कॅडिस आणि पॅराशूट अॅडम्स. गळाची उलटी टोके पक्कडीने दाबून टाका. मासा सहज सुटतो, आणि माशी स्वतःच्या कानात रुतली तर आपणही! टोपी आणि चष्मा त्यासाठीच हवेत. धागा कापायला घरचे नेलकटर पुरते. बारा खिशांचे जाकीट नको.

पाण्यात उतरताना

इथे मात्र काटकसर नको. वेडर, म्हणजे छातीपर्यंत येणारी रबरी विजार, घेतलीत तर तिचा कमरपट्टा प्रत्येक वेळी आवळा. पडल्यावर आत पाणी शिरू न देणे हेच त्याचे काम. नदीतले शेवाळलेले दगड साबणासारखे निसरडे असतात, त्यामुळे पकड असलेले बूट आणि हातात जुनी ट्रेकिंगची काठी असू द्या. पहिल्या वर्षी वेडर न घेता काठावरूनच शिकले तर दीडदोनशे डॉलर वाचतात.

कुठे शिकावे

आधी गवतावर, माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. ऑर्विसच्या बऱ्याच दुकानांत मोसमात नवशिक्यांसाठी मोफत वर्ग असतात. १९५९ साली मिशिगनमध्ये स्थापन झालेल्या ट्राउट अनलिमिटेड या संस्थेच्या स्थानिक शाखांतही जाणती माणसे भेटतात. नंतर जवळच्या तळ्यावर जाऊन ब्लूगिल पकडा. हा तळहाताएवढा मासा माशीवर बिनधास्त झडप घालतो, मुले खूश होतात. मग रॅरिटनच्या साउथ ब्रँचवर, हाय ब्रिज आणि कॅलिफनच्या दरम्यानच्या केन लॉकवुड गॉर्जमध्ये जावे. तिथे फक्त कृत्रिम आमिष चालते. मासा घरी न्यायचा असेल तर किती आणि केवढा, हे त्या त्या पट्ट्याच्या नियमात आधी वाचा.

उन्हाळ्यात पाणी ६८ अंश फॅरनहाइटच्या वर गेले की ट्राउटला प्राणवायू कमी पडतो. सोडून दिलेला मासाही मग अनेकदा जगत नाही. पाच-दहा डॉलरचा थर्मामीटर जवळ ठेवा आणि त्या दिवसांत पुन्हा ब्लूगिलकडे वळा.

परवान्याचे मात्र विसरू नका. न्यू जर्सीत १६ वर्षांपासून पुढे परवाना लागतो, आणि ट्राउटसाठी त्यावर वेगळा स्टँप. शुल्क राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या संकेतस्थळावर पाहावे. ७० वर्षांवरील व्यक्तींना माफी आहे ती राज्यातील रहिवाशांना. भारतातून उन्हाळ्यात आलेल्या आईबाबांच्या हाती रॉड द्यायचा असेल, तर त्यांचा अनिवासी परवाना आधी काढून ठेवा.