डहाणू रोड

पालघर जिल्ह्यात डहाणू शहराच्या रेल्वेस्थानकाभोवती वाढलेली वस्ती. पश्चिम रेल्वेवरील हे स्थानक चर्चगेटपासून सुमारे १२४ किमी. अंतरावर आहे. मूळ डहाणू गाव याच्या पश्चिमेला, खाडीच्या मुखाशी वसलेले. तेथील किल्ला पोर्तुगीजांकडून १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांकडे आला. सारा व्यापार तेव्हा गलबतांनी चाले आणि आज स्थानक आहे ती जागा गावाबाहेरची होती.

मुंबई–सुरत लोहमार्ग १८६४ मध्ये पुरा झाला. मार्ग खाडीच्या मुखापासून आत, जमिनीकडच्या बाजूने गेल्यामुळे बंदराचे महत्त्व ओसरू लागले आणि बाजार हळूहळू स्थानकाकडे सरकला. पूर्वेच्या डोंगरपट्ट्यातले सागवान, जळाऊ लाकूड, कोळसा आणि गवत बैलगाड्यांनी येथे उतरे. गवताचे दाबून बांधलेले गठ्ठे मुंबईच्या घोड्यांसाठी आणि तबेल्यांतल्या म्हशींसाठी रवाना होत. लाकूड-गवताच्या या व्यापारातून बाजारपेठ उभी राहिली. त्यात गुजराती व्यापारी होते, पारशी होते, पुढे इराणीही आले. इराणी कुटुंबांनी आसपास चिकूच्या वाड्या लावल्या. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे या वाड्यांची परंपरा आहे. इराणी रोड हे नाव शहरात आजही रुळलेले आहे.

बाजारपेठेचा इतिहास सांगताना व्यापाऱ्यांची नावे येतात. ते लाकूड तोडणाऱ्या, गवत कापणाऱ्या वारली मजुरांचा उल्लेख क्वचितच होतो. हा अन्याय दूर व्हायला हवा. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायको सावकाराकडे वर्षानुवर्षे राबत. अशांना लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. शामराव व गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेतर्फे हा लढा संघटित केला. त्याच वर्षी गवतकापणीची मजुरी वाढवून मागण्यासाठी संप झाला आणि ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या मजुरीसाठी झालेल्या लढ्यात लाकूड व्यापाऱ्यांनाही तडजोड करावी लागली. म्हणून डोंगरातल्या या लढ्याचा इतिहास स्थानकाजवळच्या वखारींपासून वेगळा काढता येत नाही. १९६० च्या राज्य पुनर्रचनेत उंबरगाव गुजरातेत गेले, तर तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. तेथील लोकांच्या कोर्टकचेरीच्या आणि बाजाराच्या वाटा डहाणूकडे वळल्या.

स्थानकाजवळचे मल्याण, मसोली, लोणीपाडा आणि जुने गाव हे सारे आता डहाणू नगरपरिषदेच्या हद्दीत येते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ५० हजार होती. रबरी फुगे बनवणारे छोटे कारखाने ही येथील एक खासियत. मोठे कारखाने मात्र आले नाहीत, कारण २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि प्रदूषणकारी उद्योगांना बंदी झाली. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या निर्णयानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. खाडीकाठचा ५०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प त्याआधीच मंजूर होऊन उभा राहिला होता. त्याच्या धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा प्राधिकरणाच्या पाठपुराव्यामुळे २००७ मध्ये बसली. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही येथील वाड्या टिकल्या, याचे मोठे श्रेय १९९१ च्या अधिसूचनेला आणि त्यासाठी झगडणाऱ्या स्थानिक लोकांना द्यावे लागते.

१६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. नोकरदारांची मुंबईशी रोजची ये-जा सोपी झाली, तशी घरबांधणीही वाढली. विरार–डहाणू मार्गाचे चौपदरीकरण हाती घेण्यात आले आहे. पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारलेल्या, डहाणूजवळच्या वाढवण बंदराला २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने संमती दिली. मच्छीमारांचा विरोध कायम असतानाच ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली.